जर्मनीत खाजगी घरमालकाचे घर भाड्याने घेण्यापूर्वी

नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच जर्मनीतील एका खाजगी मालकाचे घर इंटरनेटवर पाहून पक्के करावे का, आणि तो मागतो तशी अनामत रक्कम भारतातूनच पाठवावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: पाठवू नये. मालक सध्या परदेशी आहे, पैसे जमा होताच किल्ल्या कुरिअरने येतील, असे सांगून फसवण्याचा प्रकार येथे सर्रास चालतो आणि असे पैसे सहसा परत मिळत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे तात्पुरत्या, सामानासह मिळणाऱ्या घरात काढावेत आणि कायमचे घर स्वतः पाहूनच घ्यावे. खर्च वाढतो, पण तो टाळू नये.

त्या तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर रहिवासी म्हणून सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करता येईल का हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचे पत्र लागते, जे देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी रखडली की कर क्रमांकही रखडतो, आणि मग पगारातून कर सर्वांत जड वर्गाच्या दराने कापला जाऊ शकतो. पत्र देण्यास टाळाटाळ करणाऱ्याचे घर कितीही आवडले तरी सोडून द्यावे.

अनामत रक्कम काल्टमीटेच्या, म्हणजे इतर खर्च वगळून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या, तिपटीहून अधिक घेता येत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा आपल्याला हक्क आहे आणि पहिला हप्ता करार सुरू होताना देय होतो. जाहिरातीतील आकडा वार्ममीटेचा, म्हणजे हीटिंग, पाणी असे खर्च धरलेल्या भाड्याचा, असला, तरी वीज आणि इंटरनेट बहुधा त्यात नसतात. हीटिंग आणि पाण्यासाठी दरमहा घेतली जाते ती केवळ आगाऊ रक्कम असून वर्षाचा हिशेब नंतर येतो. त्यामुळे मागील वर्षाचा हिशेब पाहायला मागावा.

खाजगी मालक आणि घरे भाड्याने देणारी कंपनी यांच्यातील खरा फरक मालकाच्या स्वतःच्या गरजेचा आहे. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला घर हवे असल्याचे कारण देऊन खाजगी मालक करार संपवू शकतो. कंपनीला सहसा तसे करता येत नाही. नोटिशीची मुदत तीन महिन्यांची असते, पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ महिन्यांची होते. मुलांच्या शाळेचा विचार असेल, तर घर कोणासाठी राखून ठेवले आहे का, हे भेटीतच मोकळेपणाने विचारावे. आपल्याकडून नोटीस तीन महिन्यांची असते आणि ती कागदावर, सहीनिशी द्यावी लागते. ईमेल चालत नाही. मात्र ठराविक काळ घर सोडता येणार नाही असे कलम करारात आहे का, ते नीट पाहावे.

किल्ल्या घेण्याच्या दिवसाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. त्या दिवशी ताबापत्र दोघांच्या सहीने करावे आणि त्यात वीज, पाणी व हीटिंगच्या मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहावी. फरशीवरील चरे, बेसिनचा उडालेला टवका, खिडकीच्या कोपऱ्यातील बुरशीचा डाग, सिंकखालची ओल असे प्रत्येक दोष खोलीनिहाय नोंदवावेत आणि त्यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावेत. मालक कितीही सज्जन असला, तरी घर सोडताना अनामत रक्कम परत मिळवताना हाच कागद कामी येतो. स्वयंपाकघराकडेही लक्ष द्यावे, कारण अनेक घरांत ओटा, शेगडी, कपाटे यांपैकी काहीच नसते आणि असलेले सामान आधीच्या भाडेकरूचे असू शकते. ते मालकाचे आहे की आपल्याला विकत घ्यावे लागेल, हे करारात नमूद करून घ्यावे.

करार जर्मन भाषेत असणार. शहरातील भाडेकरू संघटनेचे, म्हणजे मीटरफेराइनचे, वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावे आणि सही करण्यापूर्वी करार तेथील सल्लागाराला दाखवावा.