सांगितलेला भाव आणि नोंदलेला भाव

प्रश्न : सांगलीच्या विश्रामबागेत बारा वर्षांपूर्वीच्या इमारतीतला टू बीएचके पाहिला आहे. एजंट १,००० फुटांना ४,८०० च्या दराने ४८ लाख सांगतो. रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) किंमत बरीच कमी येते. खरा भाव कोणता धरायचा? घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही धरू नका. रेडी रेकनर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. त्याचा दर एका विभागातल्या चांगल्या-वाईट सगळ्या इमारतींना सारखाच लागतो. एजंटचा आकडा ही विकणाऱ्याची अपेक्षा झाली. सौदे कितीला झाले ते नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशात, म्हणजे सूची क्रमांक २ किंवा इंडेक्स टूमध्ये दिसतं.

आधी माप एक करा. १,००० फूट हे सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरलेलं असणार. मूळ करारनामा मागून कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र बघा. ते ६९० निघालं, तर ४८ लाखांना फुटाला ६,९५७ रुपये पडतात. इंडेक्स टूवर क्षेत्र बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं, १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट. क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप (भिंती धरून) हेही वर्णनात वाचा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-शोध उघडा. ‘उर्वरित महाराष्ट्र’, वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर भरा. इमारतीचं नाव टाकून काही हाती लागत नाही, नंबरच लागतो. गेली तीन वर्षं एकेक करून शोधा, शेजारच्या दोन-तीन इमारतींचे नंबरही घ्या.

जे दस्त मिळतील ते चाळून घ्या. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, गहाणखत बाजूला. एकाच फ्लॅटचा करारनामा आणि नंतरचं खरेदीखत दोन्ही आले असतील, तर एकच मोजा. ज्या दस्तात मोबदला आणि शासकीय बाजारभाव रुपयाला रुपया जुळतात, तोही वेगळा ठेवा. तिथे किंमत रेकनरला जुळवून लिहिली असण्याची शक्यता मोठी असते, आणि असे चार दस्त मिसळले की तुमचा हिशेब खाली ओढला जातो.

समजा, चाळून पाच दस्त उरले आणि कार्पेटवरचे दर ५,९००, ६,०५०, ६,२००, ६,३०० आणि ८,१०० आले. सरासरी ६,५१० येते, पण ती शेवटच्या एकाच आकड्याने फुगवलेली आहे. तो फ्लॅट टेरेसचा किंवा फर्निचरसह विकलेला असू शकतो. म्हणून मधला आकडा धरा, ६,२००. त्याला ६९० ने गुणलं की ४२ लाख ७८ हजार. बोलणी इथून सुरू करायची. मजला, लिफ्ट, पार्किंग यांचा फरक नंतर दोन्ही बाजूंनी मांडा.

त्याआधीची वर्षंही शोधलीत आणि २०२० च्या शेवटी किंवा मार्च २०२१ मध्ये दस्तांची गर्दी दिसली, तर ती मागणी समजू नका. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सवलत होती. लोकांनी ती साधून घेतली.

आता भाडं. सौदा ४३ लाखांना झाला असं धरू. ६ टक्के मुद्रांक शुल्क २ लाख ५८ हजार, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे गुंतले ४५ लाख ८८ हजार. दरमहा १२ हजार भाड्याचे वर्षाला १ लाख ४४ हजार. त्यातून एक महिना रिकामा, १८ हजार मेंटेनन्स, घरपट्टी आणि दुरुस्तीचे मिळून १२ हजार वजा केले की हातात १ लाख २ हजार. सव्वादोन टक्केसुद्धा पुरते पडत नाहीत. कर्ज काढून घेणार असाल, तर हप्त्यातलं व्याज या भाड्यातून कधीच निघणार नाही. हा सौदा फक्त किंमत वाढण्याच्या भरवशावर उभा राहतो. आमच्या मते नुसत्या भाड्यासाठी हा फ्लॅट घेऊ नये.

प्रश्न : नदीच्या बाजूला दोन गुंठ्यांचा प्लॉट आसपासच्या निम्म्या दराने मिळतोय. संधी आहे का?
– एक वाचक, माधवनगर

उत्तर : दर निम्मा का, ते आधी शोधा. पहिलं, गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेला तुकडा आहे का? असेल तर महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघा. आणि गुंठेवारीचा दर गुंठेवारीशीच ताडून पाहा, एनए (बिगरशेती) प्लॉटशी नको. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौ.फूट, सातबारावर तुमच्या वाट्याला तेवढं क्षेत्र उरतं का तेही मोजा.

दुसरं, पाणी. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा घेऊन प्लॉटचा नंबर त्यावर बसवा. नदी ते निळी रेषा हा बांधकामाला निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या वर्षीची खूण शेजारच्या भिंतीवर कुठवर आहे ते टेपने मोजून घ्या, आणि २०२१ चीही विचारा. आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी शिरतं, हे तिथला दुकानदार अचूक सांगतो. तो आकडा ४५ च्या आसपास असेल, तर निम्मा दरही महाग आहे.

प्रश्न : नव्या प्रकल्पात ‘८० टक्के बुकिंग झालं’ असं सांगतात. खरं-खोटं कसं कळणार?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. एकूण फ्लॅट, बुक झालेले फ्लॅट आणि कामाची प्रगती बिल्डरला दर तीन महिन्यांनी भरावी लागते. शेवटची माहिती कोणत्या तारखेची आहे ते आधी बघा. मग पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली तेही बघा. नोंदणी क्रमांकच देत नसतील, तर टोकन देऊ नका.