'सेंडर' म्हणजे सगळीकडे 'प्रेषक'च का?

प्रश्न असा आहे: ईमेलची तांत्रिक मानकं मराठीत आणताना 'सेंडर' हा शब्द येईल तिथे 'प्रेषक' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. मूळ मानकांतच हा शब्द वेगवेगळ्या गोष्टींना चिकटलेला आहे. मराठीत सरसकट 'प्रेषक' केलं, तर तो घोळ आपण पक्का करून ठेवू.

१९८२ साली दोन मानकं बरोबरच आली. आरएफसी (इंटरनेटची मानकं मांडणारी क्रमांकित कागदपत्रं) ८२१ मध्ये मेल एका यंत्रावरून दुसऱ्यावर कशी जाते ते होतं, तर ८२२ मध्ये मेलचा मजकूर कसा मांडायचा ते. पहिल्यात 'सेंडर' म्हणजे मुख्यतः माणूस नव्हे, तर जोडणी सुरू करणारं यंत्र. दुसऱ्यात 'सेंडर' हे हेडरमधल्या, म्हणजे मजकुराच्या वर असलेल्या माहितीतल्या, एका ओळीचं नाव. साहेबांच्या वतीने त्यांचे सचिव मेल पाठवत असतील, तर 'फ्रॉम' या ओळीत साहेबांचा पत्ता आणि 'सेंडर'मध्ये सचिवांचा. यंत्राच्या बाबतीत २००१ च्या आरएफसी २८२१ ने सुधारणा केली आणि 'क्लायंट' (जोडणी सुरू करणारा) व 'सर्व्हर' (ती स्वीकारणारा) हे शब्द घेतले. तेवढा एक अर्थ सुटला.

खरी अडचण पुढेच आहे. मेल सोपवताना क्लायंट आधी 'मेल फ्रॉम' अशी आज्ञा देतो आणि कोनी कंसांत एक पत्ता लिहितो. बोलताना लोक यालाच 'एन्व्हलप सेंडर' (लिफाफ्यावरचा सेंडर) म्हणतात. हा पत्ता लिहिणाऱ्याचा असेलच असं नाही. मेल पोहोचली नाही, तर तशी सूचना कुठे धाडायची एवढंच तो सांगतो. मेलिंग लिस्टवरून आलेल्या मेलमध्ये 'फ्रॉम'मध्ये लिहिणारा असतो आणि 'मेल फ्रॉम'मध्ये बहुधा लिस्टचा पत्ता. मानकाने याला दिलेलं नाव आहे 'रिव्हर्स-पाथ', म्हणजे परतीची वाट, आणि ते अगदी नेमकं आहे.

'प्रेषक' इथे कसा फसतो ते पाहा. न पोहोचल्याची सूचना जेव्हा स्वतःच मेल म्हणून निघते, तेव्हा तिच्यात 'मेल फ्रॉम:<>' असं लिहितात, कंस रिकामे. मराठीत 'प्रेषक रिकामा' लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल, कारण सूचना कुठल्यातरी सर्व्हरने पाठवलेलीच असते. 'परतीचा पत्ता रिकामा' म्हटलं की लगेच उलगडतं: ही सूचना पोहोचली नाही तरी तिच्यापोटी आणखी सूचना धाडायची नाही. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना सूचना पाठवतच बसतील.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नव्हे. एसपीएफ (सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क) हे मेल पाठवणारं यंत्र अधिकृत आहे का हे पाहणारं तंत्र. त्याच्या नावातच 'सेंडर' आहे, पण ते तपासतं परतीच्या पत्त्याचं डोमेन (@ नंतरचा भाग) किंवा क्लायंटने सुरुवातीला सांगितलेलं स्वतःचं नाव. वाचणाऱ्याला दिसणारी 'फ्रॉम' ओळ ते बघतच नाही. म्हणून 'प्रेषकाची पडताळणी झाली' हे वाक्य घातक ठरू शकतं: पडताळणी एका पत्त्याची होते आणि माणूस विश्वास ठेवतो दुसऱ्यावर. डीमार्क हे दुसरं पडताळणीचं तंत्र आलं ते नेमकं ही फट बुजवायला. पडताळणीत उतरलेलं डोमेन आणि 'फ्रॉम'मधलं डोमेन जुळतं का, हे ते पाहतं.

तेव्हा मी असं लिहीन: 'फ्रॉम'साठी 'लेखक', कारण मानकही तिथे 'ऑथर'च म्हणतं, 'मेल फ्रॉम'साठी 'परतीचा पत्ता', यंत्रासाठी सरळ 'क्लायंट'. 'प्रेषक' फक्त हेडरमधल्या 'सेंडर' ओळीसाठी राखून ठेवावा. 'एन्व्हलप सेंडर'चं 'लिफाफ्यावरचा प्रेषक' हे रूपही मी टाळेन, कारण घाईत लिहिताना त्यातला लिफाफा गळतो आणि नुसता प्रेषक उरतो.