ब्रदर म्हणजे फादर होता होता राहिलेला माणूस असतो का?

तुमचा भाचा आयटीआय करतोय, त्याला सलेशियन या कॅथलिक संस्थेत ब्रदर, म्हणजे व्रतं घेतलेला पण धर्मगुरू नसलेला माणूस, म्हणून जायचंय आणि घरचे म्हणतायत, "जायचंच असेल तर फादर हो, ब्रदर म्हणजे अर्ध्यात राहिलेला." यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय. काहीच खरं नाही. हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे सख्खे काका सलेशियन ब्रदर होते. आम्ही वसईचे. घरी वाडी, केळी आणि पानवेल. काका घर सोडून गेले तेव्हा आजीला वाटलं होतं, मुलगा एक दिवस वेदीवर उभा राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करेल. काकांनी पहिल्यापासून सांगितलं होतं की मला ब्रदरच व्हायचंय, मला मशीन शिकवायचीय. ते कुणी ऐकलंच नाही. त्यात सेमिनरीत शिकणाऱ्या, पुढे फादर होणाऱ्या मुलांनाही आपल्याकडे ब्रदरच म्हणतात. त्यामुळे केस पांढरे झाले तरी लग्नात, बारशाला कुणीतरी काकांना विचारायचंच, "मग फादर कधी होणार?" काका हसून म्हणायचे, "झालोय तो पुरेसा आहे."

फरक सांगायचा तर असा. दोघांची व्रतं तीच: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं तयारीचं शिक्षण, तेच, निदान वर्षभराचं. आधी तात्पुरती व्रतं, काही वर्षांनी आजन्म. सकाळची प्रार्थना, मनन, मिस्सा एकत्र, जेवणाचं टेबल एक, बदलीचा हुकूमही दोघांना प्रॉव्हिन्शियलकडूनच, म्हणजे संस्थेच्या प्रांतप्रमुखाकडूनच. फादर पुढे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतो, त्याला गुरुदीक्षा मिळते, तो मिस्सा अर्पण करतो, कुमसार, म्हणजे लोकांची पापांची कबुली, ऐकतो. ब्रदर आपला विषय शिकतो, मग तो टर्निंग असो, छपाई, शेती, नर्सिंग नाहीतर गणित. एवढंच. यात वरचा-खालचा कुठून आला?

सलेशियनांचे संस्थापक डॉन बॉस्को स्वतः फादर होते, पण इटलीतल्या तुरिनमधल्या रस्त्यावरच्या पोरांसाठी त्यांनी १८५३ साली चांभारकाम आणि शिवणकामाचे वर्ग सुरू केले, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना आला. ते वर्ग नीट चालवायला हातात कसब असलेला आणि मनाने व्रतस्थ असा माणूस हवा होता. १८ डिसेंबर १८५९ ला संस्था उभी राहिली, आणि त्यात ब्रदर हे फादरांचे मदतनीस म्हणून मागाहून चिकटवलेले नाहीत. ते नसते तर ती पोरं पुन्हा रस्त्यावर गेली असती. १९०६ मध्ये तंजावरला आलेल्या पहिल्या सलेशियनांपासून आजच्या माटुंगा-कुर्ल्यापर्यंत हेच चालत आलंय.

मी शाळेत असताना मे महिन्यात काकांच्या टेक्निकल स्कूलमध्ये राहायला जायचो. वर्कशॉपमध्ये कूलंटचा वास आणि लेथची घरघर. मुलगा जॉब, म्हणजे स्वतः घडवलेला धातूचा तुकडा, घेऊन यायचा. काका आधी मापायचे नाहीत. कडेवरून अंगठा फिरवून बर, म्हणजे राहिलेली खरखरीत धार, बघायचे, मग मापाला व्हर्नियर लावायचे आणि जॉब परत त्याच्या हातात द्यायचे. "बर राहिलाय. फाईल मार." पोरगा तोंड पाडून जायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्यांदा जमलं की काका खडूने जॉबवर बरोबरची खूण करायचे आणि तो मुलगा ती खूण पुसू नये म्हणून जॉब कडेकडेने धरून न्यायचा. संध्याकाळी तेच काका मैदानात त्याच मुलांबरोबर फुटबॉल खेळायचे. रात्री झोपण्याआधी मुलांसमोर दोन मिनिटं बोलायचं, याला सलेशियन 'गुड नाईट' म्हणतात, डॉन बॉस्कोंपासूनची पद्धत आहे. काकांची पाळी असली की ते दिवसातली एकच गोष्ट सांगायचे: कोण कुणाशी भांडला, कुणी कुणाला टूल दिलं. मी मोठमोठे उपदेश ऐकलेत, पण माझ्या लक्षात ती दोन मिनिटं राहिली.

आता जे मला अजून टोचतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, मोठा महोत्सव होता, स्मरणिका निघाली. त्यात 'आपल्या धर्मग्रामाने दिलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी' असं पान होतं, सगळ्यांचे फोटो आणि व्रतग्रहणाचं साल. काकांचा फोटो नाही. माझे एक मामा त्या समितीत होते. मी त्यांच्या घरी गेलो. मामा म्हणाले, "अरे, तो फादर नाही ना. आणि सिस्टरांच्या पानात पुरुष कसा टाकणार?" ते मनापासून बोलत होते. त्यांना खरोखर जागा सापडली नव्हती.

मी म्हटलं, "मामा, सुट्टीवर आले की काका तुमच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करतात तेव्हा जागा सापडते." आणि मग मी त्यांना जे विचारलं ते इथे सगळ्यांनाच विचारतो. ज्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या मूर्तीपुढे आपण मेणबत्त्या लावतो, ते कोण होते? वसईत साधारण १५५६-५७ ला जन्मलेले, आई इथली, बाप पोर्तुगीज. जेझुइट या कॅथलिक संस्थेच्या फादरांबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले, वर्षानुवर्षं तिथे धर्मशिक्षकाचं काम केलं, पण जेझुइट संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संस्थेत गेले. काय म्हणून? ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत पुन्हा जपानला गेले, आणि जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे त्या मंडळींचा दुभाषा हाच वसईचा ब्रदर होता, कारण जपानी त्यांना येत होतं, फादरांना नव्हतं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं. त्यात सहा फ्रान्सिस्कन होते आणि त्या सहांत फादर तीनच. १८६२ मध्ये चर्चने गोन्सालोंना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत, आणि आयुष्यात एकदाही मिस्सा अर्पण न केलेला! स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्यांचंच चित्र होतं.

त्यांच्या संस्थेचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस हेही कधी फादर झाले नाहीत, डीकनच, म्हणजे फादरच्या आधीच्या पायरीवरच, राहिले. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छपाई झालीय आता." पुरवणीचं एक पान मी स्वखर्चाने द्यायला तयार होतो, तेही नको म्हणाले. काकांना मी स्मरणिका दाखवली तेव्हा त्यांनी आपल्या वर्गमित्र फादरचा फोटो बघून आनंदाने त्याची चौकशी केली, बस्स. त्यांना लागलं नाही. मला लागलं आणि अजून लागतं.

तुमच्या घरच्यांना अडचणीही सांगा, नाहीतर मी एकाच बाजूने बोललो असं होईल. दारिद्र्याचं व्रत म्हणजे पगार संस्थेच्या खात्यात. आजीच्या ऑपरेशनला सगळा खर्च बाबांनी केला, काकांनी एक रुपया दिला नाही कारण त्यांच्याजवळ नव्हताच. ते रजा मागून आले आणि रात्री हॉस्पिटलात बसले. घरातल्या सगळ्यांना हे पचलं असं नाही. आज्ञापालनही तसंच. हाताखाली घडवलेलं वर्कशॉप सोडून दुसरीकडे जा म्हटलं की बॅग भरायची. आणि संस्थांमध्येही दुजाभाव होता, हे मान्य करायला हवं. फादर-ब्रदर मिश्र असलेल्या बहुतेक संस्थांत वरिष्ठ फादरच असायचे, चर्चचा कायदाच तसा होता. मे २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ब्रदरांनाही वरिष्ठ नेमायची वाट मोकळी केली, मोठ्या पदांना रोमची लेखी परवानगी लागते.

काही जण फादर व्हायला जातात आणि ब्रदर होतात, हेही खरं आहे. आर्तेमिदे झात्ती हा इटलीतून अर्जेंटिनात गेलेला मुलगा, त्याला फादर व्हायचं होतं, क्षय झाला, ते राहून गेलं. ब्रदर होऊन व्हिएदमा गावात तो सायकलवरून गरिबांना औषधं देत हिंडला, १९५१ ला वारला, ऑक्टोबर २०२२ मध्ये संत झाला. यात अर्ध्यात काय राहिलं ते मला मामांनी सांगावं.

भाच्याला एवढं सांगा: घाई नको. आधी संस्थेच्या घरी काही दिवस राहून ये, आणि तिथे फक्त फादरशी बोलून परत येऊ नको, एखाद्या म्हाताऱ्या ब्रदरशेजारी जेवायला बस. फक्त ब्रदरांच्याच संस्थाही आहेत, बोरिवलीच्या माऊंट पोयसरचे फ्रान्सिस्कन ब्रदर आहेत, तेही बघून घे. आयटीआय मात्र पुरं करून जा. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावर परत यावंसं वाटलं तर कुणीही अडवत नाही, आणि घरच्यांनीही त्याला पळपुटा म्हणू नये.

आणि घरच्यांसाठी. आमच्याकडे चुलतभावाच्या गुरुदीक्षेनंतर पहिल्या मिस्साला बँड होता, सगळी आळी जेवायला होती. काकांच्या आजन्म व्रतांना आजी-आजोबा दोघंच एसटीने गेले होते. तुमचा भाचा त्या दिवसापर्यंत पोहोचला, तर मंडप घाला आणि मामा-मावश्या सगळ्यांना बोलवा.