काचबिंदूने नजर अधू झालेल्या वडिलांसाठी स्मार्ट काठी घ्यावी की बोलणारा चष्मा?

तुम्ही लिहिलंय की बाबा 66 वर्षांचे आहेत, काचबिंदूमुळे बाजूचं दिसणं जवळजवळ गेलंय, पेपर मात्र अजून वाचतात. मागच्या महिन्यात पायरी चुकून पडले आणि तेव्हापासून घराबाहेर पडायचं नाव काढत नाहीत. बजेट पंधरा हजार. माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही नको. घडीची साधी पांढरी काठी घ्या, काही शे रुपयांत मिळते, आणि ती वापरायला शिकवणारा माणूस गाठा.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. शाळेत असताना रातांधळेपणा, मग नजरेचं वर्तुळ आक्रसत गेलं. पुण्यात बँकेत नोकरी करते आणि गेली अकरा वर्षं काठी घेऊन बसने ये-जा करते. काचबिंदू आजार वेगळा, पण दिसण्याची तऱ्हा बरीचशी एकच: नळीतून बघितल्यासारखं. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते आणि पायाशी ठेवलेलं स्टूल दिसत नाही. त्यामुळे घरच्यांनाच शंका येते, "पेपर वाचतोस की, मग धडपडतोस कसा?" तुमच्या घरात कोणी असं बोललं असेल तर त्यांना सांगा, कायद्यालाही हे कळतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात फक्त तक्त्यावरची अक्षरं मोजत नाहीत. नजरेचं क्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, आणि 10 ते 40 अंशांच्या मध्ये असेल तर अल्पदृष्टी. नजरेचं क्षेत्र मोजणाऱ्या फील्ड टेस्टचा रिपोर्ट काढलेला असेलच, तो घेऊन यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, काम सुरू करा. वेळ लागतो, म्हणून आधी सांगितलं.

आता काठी. ही आधाराची काठी नव्हे, हिच्यावर भार टाकायचा नसतो. बाबांचे गुडघे दुखत असतील तर आधाराची वेगळी ठेवावी लागेल. उभं राहिल्यावर जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत येईल एवढी लांब हवी. दुकानदार बहुतेक वेळा आखूड देतात. आखूड काठीला खड्डा लागेपर्यंत पाय खड्ड्यात गेलेला असतो.

चालायची रीत ऐकायला सोपी आहे. मनगट पोटासमोर मधोमध, तर्जनी मुठीवर सरळ, आणि काठीचं टोक खांद्यांपेक्षा जरासं रुंद डावी-उजवीकडे फिरवायचं. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच चाचपलेली असते. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूव्हर यांनी ही रीत बसवली, आणि आजही मुळात तीच शिकवतात. मला पाय आणि हात उलटसुलट जमायला तीन आठवडे लागले. सुरुवातीला मी लेझीम खेळत असल्यासारखी चालायचे.

टोकाकडे लक्ष द्या. काठीला बऱ्याचदा पेन्सिलीसारखं नायलॉनचं बारीक टोक येतं. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ते अडकतं आणि मूठ सरळ पोटात बसते, जेवण झाल्यावर तर विचारू नका. फिरणारं, गोळ्यासारखं जाड टोक मिळतं, ते बसवून घ्या. ते जमिनीवरून न उचलता घासत नेता येतं, आणि आवाजावरून डांबर कुठे संपलं, गटाराचं झाकण कुठे आलं ते कळतं. झाकणाचा आवाज पोकळ येतो. रोजच्या रस्त्यावरची अशी सात-आठ झाकणं मला पाठ आहेत. पिठाची गिरणी आणि चहाची टपरी तर नाकालाच कळतात.

स्मार्ट काठीबद्दल. आयआयटी दिल्लीत तयार झालेली, 2014 मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन माझ्याकडे आहे आणि मी ती वापरते. साध्या काठीच्या मुठीवर एक यंत्र बसतं, ते वटवाघळासारखं अल्ट्रासाउंड सोडतं आणि समोर काही आलं की मूठ थरथरते. तिचं खरं काम गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या अडथळ्यांचं. उभ्या टेम्पोचा उघडा फाळका, खाली आलेली झाडाची फांदी, खिडकीबाहेर काढलेला कूलर, यांच्याखालून साधी काठी बिनबोभाट निघून जाते आणि कपाळ आपटतं. माझ्या डाव्या भुवईवरचे चार टाके अशाच एका फाळक्याचे आहेत. पण खड्डा, उतरती पायरी, उघडं गटार हे त्या यंत्राला कळत नाही, ते काठीच्या टोकालाच कळतं. शिवाय स्वारगेटच्या गर्दीत ती इतकी थरथरते की मी बंदच करून टाकते. बाबा पडले ते पायरीवर. म्हणून आधी टोक, मग यंत्र.

चष्मा मात्र तुमच्या यादीतून काढाच. तो छापील मजकूर वाचून दाखवतो, समोर काय आहे ते सांगतो. बाबांना वाचता येतंय, अडचण चालण्याची आहे. पुढे वाचन अवघड झालं तर फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, फुकट आहे आणि मराठीतही बोलतं. एका प्रदर्शनात मी अडथळा आला की थरथरणारा पट्टा घेतला होता, बराच महाग. चार्जिंग दुपारपर्यंत टिकायचं नाही. आता माझा भाचा तो नाटकात रोबोट व्हायला नेतो.

घरात आजच करण्यासारखं एक काम आहे: जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा. काचबिंदूत रंगांमधला फरक फिका पडतो. करड्या फरशीवर करडी पायरी ही एकसलग फरशीच वाटते. आणि बरोबर चालताना त्यांचा दंड धरून ओढू नका. त्यांनी तुमच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुम्ही पायरी उतरलात की तुमचा हात खाली जातो, त्यांना न सांगता कळतं.

फुटपाथवरच्या पिवळ्या उठावाच्या फरश्या त्यांना ओळखायला शिकवा, पायालाही लागतात आणि उरलेल्या नजरेलाही दिसतात. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. 1967 मध्ये जपानच्या ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. मेट्रो स्टेशनात त्यांचा उपयोग होतो. फुटपाथवर त्या मला एकदा थेट भेळेच्या गाडीपर्यंत घेऊन गेल्या. भेळ चांगली होती, पण मला पोस्टात जायचं होतं.

शिकवण्यासाठी मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. फोन करून "मोबिलिटी टीचर हवा आहे" असंच विचारा, "अंधांसाठी काही मदत" असं मोघम नको.

राहिला बाबांचा नकार. तो काठीला नसतो, शेजाऱ्यांना असतो. माझी आई मला काठी पर्समध्ये ठेवायला लावायची आणि सोसायटीचं गेट ओलांडल्यावर उघडू द्यायची, कारण माझं लग्न व्हायचं होतं. दोन वर्षं मी तसं केलं आणि गेटच्या आतल्या स्पीडब्रेकरवर दोनदा पडले. बाबांना पहिले काही दिवस दुसऱ्या कुठल्या तरी भागात, ओळखीचं कोणी नसेल तिथे सरावाला न्या. सकाळी सात वाजता, रस्ते रिकामे असताना.

आणि काठ्या दोन घ्या. आतलं रबर न सांगता तुटतं, मग चार तुकडे हातात येतात. शिवाय पहिली काठी रिक्षात विसरतेच.