कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घेऊन कार्ड रिकामं कसं करावं, की एकही फोटो जाणार नाही?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम टिपलं की कार्ड हमखास भरतं. तिथेच गर्दीत उभं राहून फोटो डिलीट करत बसू नका, घाईत नेमका चांगला फोटो उडतो. जादा कार्ड खिशात ठेवा.

घरी कार्ड काढून कार्ड रीडरला लावा. डीसीआयएम (DCIM) हे अख्खं फोल्डर कॉपी करा, कॅमेरा फोटो त्यातच ठेवतो. कट मात्र कधीच नको, मध्येच वायर हलली तर फोटो अर्धवट राहतात. मग दोन्हीकडची फाइलसंख्या आणि साइज जुळवा, आणि पंधरा-वीस फोटो पूर्ण मोठे करून बघा. खराब कॉपीत पुष्कळदा खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो, छोट्या चित्रात ते कळत नाही. दुसरी कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा.

हे सगळं झाल्यावरच फॉरमॅट, म्हणजे अख्खं कार्ड रिकामं करणं, तेही कॅमेऱ्यातूनच, म्हणजे फोल्डरची रचना कॅमेऱ्याला हवी तशी होते. चुकून आधीच फॉरमॅट झालं तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त फाइलींची यादी पुसली जाते, रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत मिळू शकतात.