थायरिस्टरला ‘कुलूप’ लागतं की तो ‘पकडतो’?

चोपड्याहून आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे. त्याच्या नोट्समध्ये थायरिस्टर (सिलिकॉनचा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि त्याचं गेट (त्याला चालू करणारं टोक) यांबद्दल एक वाक्य आहे : ‘गेटला पल्स मिळताच थायरिस्टरला कुलूप लागते.’ तो विचारतो, ‘कुलूप लागलं म्हणजे दार बंद. मग वीज थांबायला हवी. पण सर सांगतात, तेव्हाच वीज वाहायला लागते. शब्द चुकला आहे की मलाच कळलं नाही?’

शब्द चुकला आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे.

मूळ इंग्रजी शब्द ‘लॅच’. लॅच म्हणजे कुलूप नव्हे, खिटी. दार लोटलं की आपोआप बसते ती. भाषांतर करणाऱ्याने खिटीचं कुलूप केलं आणि घोळ वाढवला. तरी नुसतं ‘खिटी’ लिहूनही भागत नाही, कारण आपल्या मनात खिटी दार मिटलेलं ठेवते. थायरिस्टरमध्ये पक्की होते ती ‘चालू’ अवस्था. त्यात ‘बंद’ हा शब्द आणखी गोंधळ घालतो. शाळेच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे वीज वाहणारा परिपथ, आणि घरात ‘दिवा बंद’ म्हणजे वीज न वाहणारा. एकच शब्द दोन उलट अर्थांनी शिकलेल्या मुलासमोर तिसरं कुलूप कशाला?

योग्य शब्द तुमच्या शिवारातच आहे. केळीच्या मळ्यात, विहिरीवरच्या खोलीत मोटरचा स्टार्टर असतो. हिरवं बटण दाबलं की आत ‘खट्’ असा आवाज येतो. बोट काढलं तरी मोटर चालूच राहते. आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, एकदा ओढला गेला की स्वतःच्याच एका जादा कॉन्टॅक्टमधून स्वतःच्या कॉइलला वीज देत राहतो. लाईट गेली की सोडून देतो आणि लाईट परत आली तरी आपण होऊन पुन्हा लागत नाही. तो बिघडला की शेतकरी काय म्हणतो? ‘स्टार्टर पकडत नाही.’ लॅच होण्याला याहून नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही. थायरिस्टर पकडतो आणि सोडतो. अहिराणीत त्याचं वागणं एका ओळीत सांगता येईल : एकदाव लागनी का सुटत नही.

थायरिस्टर हे नेमकं कसं करतो ते पाहिलं की शब्द आणखी पटतो. सिलिकॉनचे चार थर, पी-एन-पी-एन असे एकाआड एक. एका टोकाला अ‍ॅनोड, दुसऱ्या टोकाला कॅथोड, आणि आतल्या पी थराला गेट. या चार थरांत दोन ट्रान्झिस्टर एकमेकांत गुंतलेले आहेत असं समजा. पहिल्याचा आउटपुट दुसऱ्याचा बेस, म्हणजे त्याला चालू करणारं टोक, भरतो, दुसऱ्याचा आउटपुट पहिल्याचा. गेटला थोडा करंट दिला की एक जागा होतो, तो दुसऱ्याला जागं करतो, आणि मग दोघंही एकमेकांना झोपू देत नाहीत. गेटचा करंट काढून घेतला तरी काही फरक पडत नाही. स्टार्टरचा जादा कॉन्टॅक्ट जे काम करतो, तेच इथे एकही हलता भाग नसताना होतं.

आता ‘पकडणे’ या शब्दाची खरी कमाई. व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर पकडत नाही, नुसता थरथरतो, हे रात्री पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण एकदा पकडलेला स्टार्टर तेवढ्याच कमी व्होल्टेजवर टिकून राहतो. पकडायला जास्त जोर लागतो, धरून ठेवायला कमी. थायरिस्टरच्या डेटाशीटमध्ये ‘लॅचिंग करंट’ आणि ‘होल्डिंग करंट’ असे दोन आकडे असतात आणि मुलं ते हमखास उलटसुलट करतात. मराठीत पहिला ‘पकडीचा करंट’, दुसरा ‘धरणीचा करंट’. बीटी 151 या साध्या थायरिस्टरमध्ये पकडीचा करंट जास्तीत जास्त 40 मिलिअँपिअर, धरणीचा जास्तीत जास्त 20. गेटला 15 मिलिअँपिअरपर्यंत पुरतात आणि त्यावर तो 12 अँपिअर वाहून नेतो.

हाच नग घेऊन एकदा करून पाहा, मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीवरच. 5 वॅटचा दिवा बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि थायरिस्टरच्या अ‍ॅनोडच्या मध्ये जोडा, कॅथोड बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि पॉझिटिव्हवरून 470 ओहमच्या रेझिस्टन्समधून एक वायर गेटला क्षणभर टेकवा. दिवा लागेल. वायर काढा, दिवा लागलेलाच राहील, कारण त्यातून सुमारे 400 मिलिअँपिअर जात आहेत. आता दिव्याच्या जागी 2.2 किलोओहमचा रेझिस्टन्स आणि एलईडी लावा. वायर टेकवलेली असेपर्यंत एलईडी उजळेल आणि काढताच बहुतेक वेळा विझेल. साधारण 4 मिलिअँपिअरवर पकड बसतच नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘पकडत नाही’ हेच शब्द तोंडातून निघाले.

स्टार्टर आणि थायरिस्टर यांत एक मोठा फरक मात्र आहे. स्टार्टरला लाल बटण असतं. साध्या थायरिस्टरच्या गेटला ते नाही. गेट चालू करू शकतं, थांबवू शकत नाही. म्हणून गेटचं ‘द्वार’ असं भाषांतर मला पटत नाही. दार उघडतं तसं मिटतंही. गेटचं काम बंदुकीच्या चापासारखं आहे. चाप ओढला, गोळी सुटली, मग चाप सोडून काय होणार? तरी आकृतीत ‘जी’ असंच छापलेलं असतं, म्हणून गेट हा शब्द गेटच राहू द्यावा, समजावताना चाप म्हणावं.

गंमत म्हणजे दार या यंत्राच्या नावातच आहे. वायू भरलेली थायरॅट्रॉन नावाची एक नळी होती, तिलाही एकदा सुरू केलं की ग्रिडवरून, म्हणजे तिच्या गेटसारख्या टोकावरून, थांबवता येत नसे. तिचं नाव आणि ट्रान्झिस्टर यांच्या जोडातून थायरिस्टर झाला. थायरॅट्रॉनच्या मुळाशी ग्रीक ‘थायरा’, म्हणजे दार. हा थायरा, संस्कृत द्वार आणि आपलं दार एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. आपण परका समजून उच्चारतो त्या नावात आपल्याच घरचं दार निघावं, याचा मला फार आनंद होतो.

मग हा सुटतो कसा? करंट धरणीच्या खाली गेला की. एसीमध्ये हे फुकट होतं. 50 हर्ट्झला दर 10 मिलिसेकंदांनी करंट शून्यावर येतो आणि थायरिस्टर आपोआप सोडतो. पुढच्या अर्ध्या फेरीत चाप किती उशिरा ओढायचा, एवढंच आपल्या हाती. सॉफ्ट स्टार्टर मोटरला हळूहळू वेग देतो तो याच उशिरावर. डीसीमध्ये करंट शून्यावर येतच नाही, तिथे भारलेला कपॅसिटर उलटा जोडून तो सोडवावा लागतो. पुढे गेटवरूनच सोडवता येणारा जीटीओ आला. 1990 च्या दशकात परदेशातून आलेल्या डब्ल्यूएपी-5 आणि डब्ल्यूएजी-9 या रेल्वे इंजिनांच्या कन्व्हर्टरमध्ये तेच होते, पुढे त्यांची जागा आयजीबीटी या ट्रान्झिस्टरने घेतली. भुसावळच्या लोको शेडमध्ये काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर जरूर विचारा. जीटीओला लाल बटण आहे, पण ते फार जोरात दाबावं लागतं : सोडवायला मुख्य करंटच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याएवढा उलटा करंट गेटमधून ओढावा लागतो.

तेव्हा वहीतलं ते वाक्य खोडा आणि असं लिहा : ‘गेटला पल्स मिळाली की थायरिस्टर पकडतो, आणि करंट धरणीच्या खाली जाईपर्यंत सोडत नाही.’ पुढच्या धड्यात ‘टर्न-ऑफ टाइम’ येईल, त्याला ‘सुटायला लागणारा वेळ’ म्हणा.