मॅडम, मूल माझंच आहे कशावरून?

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारा माणूस विचारताना हमखास खाली बघतो. एका केसचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून.

मुलगी चार वर्षांची. वडिलांनी खिशातून लॅबचा रिपोर्ट काढला, घड्या घालून घालून पार मऊ पडलेला. त्यांचा रक्तगट ए, बायकोचा बी आणि मुलीचा ओ. "ए आणि बी मधून ओ येईलच कसा?" या एका अक्षरापायी दीड वर्ष झोप नाही, बायकोशी धड बोलणं नाही, मुलीला कडेवर घेणंसुद्धा सोडलेलं.

मी त्याच कागदाच्या मागे काढून दाखवलं, ए गटाच्या माणसात ओ चं जनुक लपलेलं असू शकतं, बी मध्येही तसंच, दोघांकडून ओ आलं की मूल ओ. म्हणजे या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही, ना तसं ना असं. ते कितीतरी वेळ कागदाकडेच बघत राहिले.

त्यांच्या डोक्यात असं होतं की मुलीचे केस डीएनए टेस्टसाठी गुपचूप लॅबला पाठवायचे आणि निगेटिव्ह आलं की खर्च बंद. म्हटलं थांबा, असं होत नाही. आपला कायदा म्हणतो की लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसेल तर २८० दिवसांच्या आत झालेलं मूल नवऱ्याचंच. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. हे खोडायचं तर त्या काळात नवराबायको एकत्र येणं शक्यच नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि हे दोघं तर एकाच घरात राहत होते! कोर्टात डीएनए टेस्टसाठी अर्ज करता येतो, पण मागितली की मिळाली असं नसतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलाच्या खासगीपणाचा विचार करून अशी टेस्ट नाकारली होती. गुपचूप पाठवलेले केस तर कोणाचे, कोणी काढले हेच सिद्ध करता येत नाही.

बापाला दार बंदच आहे असंही नाही हं. २०१४ च्या एका केसमध्ये डीएनए रिपोर्टने नवरा मुलाचा बाप नाही असं निघालं तेव्हा सुप्रीम कोर्टाने रिपोर्टच मानला आणि मुलाची पोटगी त्याच्यावर टाकली नाही. पण असा निकाल हातात येईपर्यंत आपल्या मनाने खर्च थांबवायचा नाही, मूल लग्नाशिवाय झालेलं असलं तरी बापाकडून पोटगीचा हक्क त्याला आहेच. आणि चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप कोर्टात लिहून दिले तर ती बायकोवर मानसिक क्रूरता ठरू शकते, हे मी मुद्दाम सांगते कारण रागाच्या भरात लोक काहीही लिहून देतात.

"मग तिला सांगू का?" त्यांनी विचारलं. म्हटलं सांगा, पण इथे, माझ्यासमोर.

तीन आठवड्यांनी दोघं आले. बायकोने तो रिपोर्ट हातात घेऊन एवढंच विचारलं, "दीड वर्ष हा कागद खिशात ठेवलास, मला एकदा विचारलं का नाहीस?" त्याचं उत्तर त्यांना त्या दिवशी देता आलं नाही. अजून येतात दोघं.